बिनआवाजाचा चिमटा

शेजारचे बारापात्रे काका आमच्याकडे आले की आधी दाराची कडी तीनदा लावतात, तीनदा काढतात आणि मग मला विचारतात, "आवाज आला का?" आला म्हटलं तर खिशातून तेलाची बुधली निघते. नाही म्हटलं तर त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरतं, की मी चहाचं विचारायचीही विसरते.

मला विचारावं लागतं, कारण त्यांना स्वतःला ऐकू येत नाही. डावा कान कधीच सेवानिवृत्त झालाय आणि उजवा अर्धवेळ कामावर येतो. स्वयंपाकघरातला कुकर शिट्ट्या मारून थकतो, तरी काका शेजारी बसून पेपर वाचत असतात. आणि हा माणूस गेली कित्येक वर्षं आवाज न करणारं कुलूप बनवतोय.

दाराचं कुलूप नव्हे, सुईचं. टाके घालताना डॉक्टर सुई ज्या चिमट्यात धरतात, तो तुम्ही पाहिला असेल. दिसायला कात्रीसारखा. मूठ दाबली की दांड्यांवरचे बारके दाते एकमेकांत अडकतात, 'कट्' होतं आणि सुई पक्की बसते. काकांना सगळं तसंच हवं होतं, फक्त तो 'कट्' नको होता.

"पापणी मिटते तवा आवाज येते का?" ते मला म्हणायचे. "तसं मिटलं पायजे."

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये, अवजारं घडवणाऱ्या टूल रूममध्ये काढली. आता प्लांटच्या वसाहतीतल्या, आमच्याच सेक्टरमधल्या त्यांच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात पेरूचं झाड आहे, झाडाखाली एक टेबल आणि टेबलाला जखडलेला, लोखंड धरून ठेवणारा शिकंजा. दुपारी सगळी गल्ली पेंगत असते. पेरूच्या सावल्या टेबलावर हलत असतात आणि काका कानस चालवत असतात, इतकी हळू, की लोखंड झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही असं वाटावं. मध्येच थांबून आभाळाकडे बघतात. एकदा मी विचारलं, काय करताय? तर म्हणाले, "काई नाई. स्प्रिंगचा विचार करून राहिलो."

त्यांनी चिमट्यांना नावं दिली नाहीत, नंबर दिले. एक नंबर सायकलच्या ब्रेकपासून केला होता. चार नंबरनं तर अशी निष्ठा दाखवली, की एकदा मिटला तो आजतागायत उघडलेला नाही. दातात पेरूचं पान धरून खिळ्याला लटकलाय. सहा नंबर उघडायचा, पण त्याच्या मर्जीनं. लग्नपत्रिकांच्या पाठीमागे चिमट्यांचे नकाशे काढलेले असतात, त्यामुळे कुणाचं लग्न किती तारखेला हे शकूकाकूंना शेवटपर्यंत सापडत नाही.

अभ्यास म्हणून त्यांनी गल्लीतल्या सगळ्या कड्या, बिजागऱ्या, फाटकं गप्प करून टाकली. पलीकडच्या साहूजींचं फाटक पूर्वी मैलभर किरकिरायचं. ते मुकं झालं आणि दुसऱ्याच दिवशी गाय शांतपणे आत येऊन दोडक्याचा वेल संपवून गेली. साहूजी तक्रार घेऊन आले. काकांनी सगळी ऐकून घेतल्यासारखी मान हलवली आणि विचारलं, फाटकाचा आवाज आला नाही ना? साहूजी म्हणाले, नाही आला, तेच तर म्हणतोय. काकांनी आनंदानं त्यांचा हात हातात घेतला. यावर भांडायचं कसं, हे साहूजींना कळेना.

नऊ नंबर तयार झाला तेव्हा मी टेबलावर कान टेकवून ऐकला. खरंच आवाज नव्हता. आम्ही तो खुर्सीपार वस्तीच्या बाजूला दवाखाना असलेल्या एका डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेलो. तरुण आणि कामसू बाई. त्यांनी चिमटा दोनदा मिटला, उघडला, आणि हिंदीत म्हणाल्या की अंकल, आवाजच आला नाही तर सुई पक्की बसली हे मला कळणार कसं? माझी नजर जखमेवर असते, मी चिमट्याकडे बघत नाही.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते वाक्य त्यांच्या उजव्या कानात ओरडून सांगावं लागलं. बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटनी ऐकलं की आवाज लागतो.

त्यानंतर काही दिवस अंगणातून कानस ऐकू आली नाही. काका पेरूखाली नुसते बसून असायचे. आमची कडी कुरकुरायला लागली, तरी ते आले नाहीत. मग एका दुपारी आले ते थेट स्वयंपाकघरात. माझा अंगठा धरून त्यांनी नव्या चिमट्याच्या कडीत घातला आणि डोळे मीट म्हणाले. मी मूठ दाबली. आवाज नाही. पण अंगठ्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी हळूच वर आलं आणि थांबलं.

"हातालेच आयकू आलं पायजे," काका म्हणाले. तो अकरा नंबर.

मॅडमना तो दाखवायला जायचं ठरत होतं, तेवढ्यात शकूकाकूंनी विळीवर फणस चिरताना अंगठ्याखाली तळहात कापून घेतला. खोल कापला होता. मी ऑटो बोलावली आणि आम्ही तिघं त्याच दवाखान्यात गेलो. मॅडमनी हात बधिर केला, टाके घालायला घेतले. अर्थातच त्यांच्या नेहमीच्या चिमट्यानं. काका काकूंच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही तळवे काकूंच्या कानांवर ठेवले.

कट् झालं. काकू शांत होत्या. काका दचकले.

पुन्हा कट्. पुन्हा काका दचकले. ज्यांना कुकर ऐकू येत नाही, त्यांना हा आवाज ऐकू येत होता, का सुई उचलणारा हात दिसताच तो त्यांच्या आतच वाजत होता, कोण जाणे. प्रत्येक टाक्याला त्यांचे खांदे उडत होते. काकूंनी चांगल्या हातानं त्यांचा एक तळवा कानावरून काढला आणि आपल्या खांद्यावर ठेवून दिला.

पट्टी झाल्यावर काका औषधं आणायला गेले. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. काकू आपणहून बोलायला लागल्या.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. काकू माहेरी होत्या, उमरेडकडे. बाळंतपण अडलं. मूल आधीच गेलेलं होतं. टाके बरेच घालावे लागले. काका रात्रीच्या गाडीनं निघून पोचले, तेव्हा त्यांना हिरव्या पडद्याच्या अलीकडे उभं केलं गेलं. पडद्याच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. कुणी काही सांगत नव्हतं. फक्त तो आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा.

"मले तं गुंगी होती," काकू म्हणाल्या. "मले त्यातलं काईच आठवत नाई. जे होतं ते यायनं एकट्यानंच आयकलं."

मी विचारलं, काका त्याबद्दल कधी बोलले?

"नाई. अन मीबी कधी इचारलं नाई. मले वाटे, इचारलं तं यायले तरास होईन."

काका औषधांची पिशवी घेऊन आले. मॅडमनी त्यांना आत बोलावून त्यांच्या खिशातला अकरा नंबर हातात घेतला, रबराच्या तुकड्यावर दोन टाके घालून पाहिले आणि मान डोलावली. सुईची पकड अजून घट्ट हवी, म्हणाल्या, पण अंगठ्याला कळतं. सरावाला ठेवून घेऊ का, असं त्यांनी विचारलं. काकांनी ठेवू दिला. येताना ऑटोत ते पूर्ण वेळ काकूंचा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालायला मागे गेले. भिंतीपलीकडे काकांच्या टेबलावर बारा नंबरसाठी घेतलेली लोखंडी पट्टी शिकंज्यात तशीच अडकलेली होती. काकू काकांच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्या त्यांच्या कानाशी वाकल्या आणि हळू, पण स्पष्ट म्हणाल्या, "त्या दिवशी पडद्यामागून काय काय आयकलं, सांगा मले."

काकांनी कानस खाली ठेवली. मग बोलायला लागले.

माझे अर्धे कपडे बादलीतच होते. ते तसेच सोडून मी आत आले.