बाराशे वॅटची धास्ती

सुज्ञ वाचकहो, एका सामान्य गृहस्थाने आपल्या कन्येसाठी खेळाचा संगणक स्वहस्ते कसा उभारला आणि त्या कार्यात त्याच्या काळजाचे किती वेळा पाणी झाले, याचा वृत्तांत मी येथे काहीही न लपवता सादर करीत आहे. माझे शिक्षण बेताचेच. परंतु तीस वर्षे मी वायरमन आहे आणि माझ्या हातची एकही जोडणी आजवर जळालेली नाही!

माझी कन्या कॉलेजात शिकते व संगणकावरील लढाईच्या खेळात निष्णात आहे. एका नामांकित संघात एकच जागा रिकामी होती. त्यासाठीचा सामना शनिवारी सायंकाळी सात वाजता घरूनच खेळायचा होता. वर्षभर शिकवण्या घेऊन तिने पैसे साठवले, महिनाभर डोके खपवून सुट्या भागांची यादी केली आणि त्या दिवशी नेमकी परीक्षा असल्याने ती यादी पैशांसह माझ्या हाती सोपवली.

"बाबा, हे सगळे भाग एकमेकांना जुळणारे आहेत. यातलं काहीएक बदलू नका हं!"

"अगं, मला शिकवतेस?"

दुकानात यादी उघडली मात्र, मी ती पुन्हा वाचली. वीज पुरवणारा डबा, ज्यास पॉवर सप्लाय म्हणतात, तो अवघा साडेपाचशे वॅटचा! वायर भारापेक्षा जाड असावी, हे आमच्या धंद्याचे पहिले सूत्र. माझ्या डोळ्यांसमोर धूर, ज्वाळा आणि खोकणारी कन्या उभी राहिली. मी तत्काळ बाराशे वॅटचा डबा घेतला. उष्णतेच्या भयाने एका पंख्याऐवजी सहा पंखे घेतले. बजेट मात्र होते तेवढेच. सबब यादीतील ग्राफिक्स कार्ड नामक महागडी वस्तू मी खोडून टाकली. चित्रे काय, पडद्यावर दिसतातच!

दुकानदार चाचरत म्हणाला, "काका, कार्ड नाही घेतलं तर..."

"तीस वर्षं वायरमन आहे मी!"

त्याने पिशवी भरली.

लेक येण्यापूर्वी संगणक सज्ज करून तिला चकित करावे, असा माझा संकल्प होता. मी रबरी हातमोजे चढवले. शॉक बसल्यास मला कोरड्या लाकडाने ढकलता यावे म्हणून सौभाग्यवतींना लाटणे देऊन मागे उभे केले.

"अहो, पण ढकलायचं कधी?"

"मी थरथरू लागलो की!"

"तुम्ही तर आत्ताच थरथरताय!"

आणि खरोखरच पाठीत लाटणे बसले!

प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, बसवून त्यावरील दांडी दाबली, तेव्हा हाड मोडावे तसा कर्रकन आवाज झाला. अखेर बटण दाबले. सहाही पंखे विमान उडावे तसे घोंघावू लागले, दिवे लखलखले. परंतु पडदा अमावास्येसारखा काळा! पोरीच्या वर्षभराच्या कष्टांची मी राख केली होती. मी टेस्टर लावला, वायरी हलवल्या, शेवटी हात जोडले.

इतक्यात लेक दारात उभी! तिने संगणकाच्या काचेतून आत पाहिले.

"बाबा, कार्ड कुठंय?"

"ते... चैनीचं वाटलं गं."

"अहो बाबा! या प्रोसेसरला स्वतःचं चित्र दाखवता येत नाही! कार्डाशिवाय पडद्यावर काही दिसणारच नाही!"

काहीच जळाले नव्हते, हे ऐकून मी आनंदाने खाली बसलो. आणि पाच वाजले आहेत हे पाहून भयाने पुन्हा उठलो. आम्ही धावत दुकान गाठले. दुकानदाराने माझ्याकडे न पाहता बाराशे वॅटचा डबा व पाच पंखे परत घेतले आणि साडेपाचशेचा डबा व कार्ड दिले. लेकीने पाऊण तासात सर्व जोडले. पडद्यावर चित्र उमटले. सात वाजता सामना सुरू झाला.

मी दारात उभा राहिलो. साडेपाचशे वॅट! कार्डावरचे पंखे गरगरत होते, गोळीबार चालला होता. लेकीची शेवटची चकमक रंगात आली आणि त्याच क्षणी माझ्या नाकात करपल्याचा वास शिरला!

मी झेप घेऊन मेन स्विच पाडला.

सारे घर अंधारात! "बाबाऽऽऽ!"

"घाबरू नकोस! वाचवलं तुला!"

स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा शांत आवाज आला, "अहो, दूध लागलंय."

ती चकमक संघ हरला. लगेच लेकीच्या फोनवर संघाच्या कर्णधाराचा आवाज खणखणला. "खेळतेस भारी, पण तुमच्याकडे वीज सारखी जाते का? तसं असेल तर घेता येणार नाही बाई."

लेकीने माझ्याकडे पाहिले. माझी मान खाली.

"वीज कधीच जात नाही," ती म्हणाली. "माझे बाबा वायरमन आहेत."

मग कर्णधार सावकाश म्हणाला, "बरं, घेतो तुला. पण सामन्याच्या वेळी त्यांना घराबाहेर बसवशील का?"

हा वृत्तांत मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून लिहिला आहे. आतमध्ये सराव चालू असून तो संपण्यास अद्याप पाऊण तास आहे. तोवर आपण मला सोबत केलीत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
वायरमनकाका