सोवळ्यातला दिवा

विजेच्या कामात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या अमरावतीत नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही! शाळेत मी विज्ञान शिकवतो ते पोटासाठी. खरं विज्ञान घरी. आमच्या फाटकाची कडी उघडली की स्वयंपाकघरात घंटा वाजते. (माझी बायको कुंदा म्हणते, घंटा वाजेपर्यंत पाहुणा बैठकीत येऊन पान लावत बसलेला असतो. पण तो पाहुण्याच्या घाईचा दोष आहे.) गजराच्या घड्याळाला दोरी बांधून मी सकाळी रेडिओ आपोआप सुरू करून दाखवला. तो आपोआप बंद व्हायचा नाही, पण रेडिओ बंद करायची एवढी घाई कोणाला असते?

या सगळ्यावर कळस चढवला तो आईच्या दिव्यानं. कारण त्या दिव्यावर आमची आई अमरावतीत राहणार की अकोल्याला जाणार, हे ठरायचं होतं.

झालं असं. आमचं देवघर म्हणजे घराच्या मधोमध एक खोली, तिला खिडकी नाही. त्यात आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समईच्या उजेडात ती चाचपत चाचपत पूजा करायची. एकदा तिनं बाळकृष्ण समजून अत्तरदाणीला पंचामृताचं स्नान घातलं. तेही चाललं असतं, पण आषाढात एके दिवशी निरांजनावर तिचा पदर गेला आणि हातभर जळला. कुंदानं धावत जाऊन विझवला म्हणून बरं!

हे कळताच अकोल्याहून दादा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ गोपाळकृष्ण. वकिली जोरात, देह त्याहून जोरात. आल्या आल्या त्यानं निकाल दिला.

"आई, तू माह्याकडे चाल. माह्या देवघरात नळीचा दिवा आहे. पूजेले गुरुजी येतात. तू फक्त हात जोड."

"अन् पूजा?"

"गुरुजी करतात ना!"

"मग मी काय करू? माही पूजा जिथं माह्या हातानं होईन, तिथं मी राहीन."

मी ताडकन उठलो. "दादा, पंधरा दिवस दे! आईच्या देवघरात असा दिवा लावतो की तुह्या नळीनं तोंड लपवलं पाहिजे!"

खरं सांगायचं तर आई जायलाच मला नको होती. शाळेतून आलो की आईनं "आला का रे?" म्हणावं आणि मी "नाही आलो" म्हणावं, ही आमची रोजची रीत. ती गेली असती तर मी नाही आलो, हे सांगायचं कोणाला?

दादा अकोल्याला परत गेला आणि मी वायर, बटण, दिवा घेऊन देवघराच्या उंबऱ्याशी उभा राहिलो.

"आई, हे बटण दाबलं की उजेड!"

"बटणाले कोण कोण हात लावते?"

"आपण सगळेच."

"म्हणजे सोवळं गेलं. अन् ही तार कुठून येते?"

"रस्त्यावरच्या खांबावरून."

"तीच तार टॉकीजमध्ये जाते ना? अन् हॉटेलात?"

"जाते."

"अन् तिथलं सगळं शिवून माह्या देवापाशी येते? नाई पाहिजे!"

करंट नुसता येत नाही, जातो आणि परत येतो, असं मी मुलांना शिकवतो. पण हे मी आईला सांगितलं नाही. टॉकीजमध्ये जाऊन परत आलेला करंट तिनं घरातसुद्धा घेतला नसता!

पण हार मानीन तर मी मोरोपंत कसला? खांबावरची वीज नको ना? मोटारची बॅटरी आणली, नवी कोरी. "ही भरली कशानं?" असं आईनं विचारलं, तेव्हा मी चटकन तिला चहा विचारला. बटणाला हात नको ना? मग बटणच नको! आईच्या पाटाखाली पितळेच्या दोन पट्ट्या बसवल्या आणि चार कोपऱ्यांना माझ्या सायकलच्या सीटच्या स्प्रिंगा. आई पाटावर बसली की पट्टी पट्टीला लागणार आणि देवांवर दिवा लागणार. उठली की बंद! (सायकल मी नुसत्या लोखंडावर बसून चालवत होतो. वर्गात मी उभ्यानं शिकवू लागलो त्याचं कारण हेच, मुलांना वाटलं सर फार तळमळीचे.)

आई म्हणाली, "तारेवर सुती गुंडाळलं आहे. सुताले विटाळ होते. रेशीम असतं तर गोष्ट वेगळी."

त्या दुपारी कुंदा माहेरची ट्रंक उघडून बसली आणि किंचाळलीच.

"अहो! माझं रेशमी पातळ कुठी आहे?"

"देवाच्या कामी आलं."

"माह्या आईनं दिलेलं पातळ तुमी तारेले नेसवलं?"

"पदर शिल्लक आहे," मी म्हणालो. त्यानंतर चार दिवस मला वाढताना भाजीचं पातेलं ताटापर्यंत येत नसे. पण वायर दिसत होती काय सुंदर! जांभळी, आणि मधे मधे जर!

रविवारी दादा अकोल्याहून हजर झाला. मी आधी कुंदाला पाटावर बसवून पाहिलं होतं. दिवा फक्कन लागला होता. त्यामुळे मी निर्धास्त. आई आंघोळ करून, सोवळं नेसून आली. क्षणभर हात जोडून उभी राहिली आणि पाटावर बसली.

अंधार!

"नीट बस, आई. थोडं मागं. आता थोडं उजवीकडे."

अंधार तो अंधार. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. चातुर्मास चालू होता! आई एकभुक्त होती. आधीच चिमणीएवढा जीव, त्यात एक वेळचं जेवण. स्प्रिंगा दबणार कशा?

"मी पाहतो," म्हणत दादानं आंघोळ उरकली, सोवळ्याचा कद नेसला आणि पाटावर बसला. दिवा असा लखलखला की बाळकृष्णाच्या गालावरची खळीसुद्धा दिसली!

आईनं हात जोडले. "झालं. कौल मिळाला."

"कसला कौल?" मी ओरडलो.

"मी बसताना मनात धरलं होतं, दिवा लागला तर मोरूपाशी राहीन. नाई लागला तर गोपाळकडे जाईन. माह्यासाठी लागला नाई. तो बसला तर लागला. देवानं स्पष्टच सांगितलं."

"आई, त्या स्प्रिंगा आहेत! दादा वजनानं..."

"देवाच्या पाटावर बसून माह्या वजनाचं काढू नको," दादा म्हणाला. "निकाल लागला. पोळा झाला की मोटार घेऊन येतो."

आता बघा! माझं यंत्र, माझी बॅटरी, माझ्या सायकलच्या स्प्रिंगा, माझ्या बायकोचं पातळ. आणि निकाल दादाच्या बाजूनं!

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण शेजारच्या सुभद्राकाकूंनी ते ऐकलं. सुभद्राकाकूंना मोर्शीकडे जागा घ्यायची होती आणि त्यांचे यजमान ऐकत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या आमच्याच विहिरीवर डोक्यावरून पाणी घेऊन ओलेत्यानं आल्या, पाटावर बसल्या. काकू पाटावर बसल्या की पाटाची चिंता करावी, दिव्याची नाही. लख्ख उजेड! मोर्शीची जागा घेतली गेली.

मग काय! आमच्या विहिरीवर रांग लागली. ज्याला त्याला कौल! धिप्पाड माणूस आला की देव हो म्हणायचा, हडकुळा आला की नाही म्हणायचा. गल्लीतले पेन्शनर बापूसाहेब बिचारे काडीसारखे. त्यांनी काशीला जाऊ का विचारलं, अंधार. बरं चिखलदऱ्याला जाऊ का? अंधार. निदान बडनेऱ्यापर्यंत? तरी अंधार! रडवेले होऊन घरी गेले. मी त्यांना गाठून स्प्रिंगेचा सिद्धांत समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोरोपंत, देव म्हणते ते खरं. तुमी कायले मधात पडता?"

पोळ्याच्या आत दिवा आईसाठी लागलाच पाहिजे, असा मी चंग बांधला. पण देवघरात दुरुस्तीला जायचं म्हणजे नुसतं पकड-पेचकस घेऊन जायचं नव्हतं.

"आंघोळ झाली का?" आई उंबऱ्याशी अडवायची.

"आई, एक पेच पिळायचा आहे!"

"आंघोळ कर. कद नेस. अन् पेचकसावर पाणी घाल."

मग पहाटे विहिरीवर आंघोळ, कद, गंजलेला पेचकस आणि मी. आई पूजा करायची, मी तिच्या शेजारी पालथा पडून पाटाखाली हात घालायचो. मुंजीनंतर हा दिवा बसवेपर्यंत मी त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं, कारण विज्ञानाच्या माणसाचं तिथं काम नव्हतं. आता रोज होतं! पहिल्या दिवशी स्प्रिंगा सैल केल्या, तर नुसत्या पाटाच्या भारानं दिवा लागून राहिला आणि बॅटरी संपली. बॅटरी भरून आणली, तर आईनं खोली शेणानं सारवलेली. पट्ट्यांवर शेणाचा थर. तो खरवडला, तर तीर्थाचं पाणी आत गेलं. ते पुसलं, तर जांभळं रेशीम उंदरानं खाल्लं. कुंदानं उरलेला पदर आणून माझ्यासमोर टाकला. "घ्या, हाही नेसवा!"

मी हात चालवत असायचो आणि आईचं बोलणं चालू असायचं.

"आता फुलं दे. ती नाई, जास्वंद दे. ह्या अन्नपूर्णेचं नाक झिजलं पहा, माह्या सासूच्या काळापासून मी हेच पुसून राहिले. तुह्या बाबांले घंटा जोरात वाजवायची सवय होती. तू झोपून राहायचा."

मी "हं" म्हणायचो. माझं लक्ष पट्ट्यांकडे असायचं. पण आता मला कळत होतं, की अष्टगंध कुठे असतं, आणि आई आरती म्हणताना एका ओळीला दर वेळी का अडखळते. ती ओळ बाबा म्हणायचे, तेव्हा आई थांबायची.

पोळा झाला. दादा मोटार घेऊन आला. आईच्या ट्रंका, देवांच्या वस्त्रांचा फडक्यात बांधलेला डबा, सगळं मोटारीत गेलं. फक्त त्या दिवशीच्या पूजेपुरते देव मागं राहिले होते. मी पहाटेपासून कदात होतो. स्प्रिंगा अशा जुळवल्या होत्या की पाटावर आईच बसली पाहिजे. पाट कमी पडेल, मांजर कमी पडेल, आई बरोबर पुरेल!

आई आली, बसली.

दिवा लागला!

"लागला!" मी असा ओरडलो की विहिरीवरची कबुतरं उडाली. "दादा, पाह्य! कौल फिरला!"

"एकदा दिलेला निकाल फिरत नसते," दादा म्हणाला.

"अपील असते ना? तुले कोणी वकील केलं?"

आईनं फुलांची परडी पुढे ओढली. तिनं सावकाश पूजा केली. त्या उजेडात प्रत्येक देव नीट पुसला, नैवेद्य दाखवला, आरती केली. आम्ही दोघं भाऊ पुतळ्यासारखे उभे. शेवटी ती वळली.

"गोपाळ, सामान उतरव."

मी जवळजवळ नाचलो. दादाचं तोंड पडलं. "हा दिवा लागला म्हणून?"

"दिव्याचं काय घेऊन बसला? आज लागला, उद्या लागते की नाई कोणाले माहीत! मोरूनं केलेला आहे तो."

मी नाचायचा थांबलो.

"तुह्याकडे सारं चांगलं आहे बाबा," आई म्हणाली. "कधी काही बंद पडत नाई. म्हणून तू स्वतःच्या देवघरात पाय ठेवत नाई. ह्याचं रोज बिघडते. म्हणून हा रोज आंघोळ करून माह्यापाशी येऊन बसते. तुमच्या बाबांनंतर माह्याजवळ कोणी बसलं होतं का? मले डोळ्यानं नाई दिसलं तरी चालते. बाजूले कोणी आहे, हे समजते ना."

दादा गुपचूप जाऊन मोटारीतून ट्रंका काढू लागला. निम्म्या वाटेत थांबून त्यानं डोळे पुसले, ते मी पाहिलं. मी दुसरी ट्रंक उचलली. पण थोडा रागही आला होता, लपवत नाही! इतकं अचूक यंत्र केलं, आणि शाबासकी मिळाली ती बिघाडाला!

दुसऱ्या दिवशी पहाटे मी विहिरीवर आंघोळ केली, कद नेसला, पेचकसावर पाणी घातलं आणि देवघराशी गेलो. आई पाटावर बसली होती. देवांवर दिवा स्वच्छ, स्थिर, नेमका जळत होता. पट्टी सैल नाही, तार तुटलेली नाही, बॅटरी भरलेली. माझ्या आयुष्यातलं पहिलं बिनचूक काम!

"आज चालू आहे," आई म्हणाली.

"हो का?" मी म्हणालो. पेचकस हातात घेऊन दारातच उभा राहिलो. मग म्हणालो, "तरी एकदा पाहून घेतो," आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसलो.

आईनं माझ्या हातातला पेचकस काढून बाजूला ठेवला आणि सहाण पुढे सरकवली.

"बसलाच आहे तर चंदन उगाळ. अन् पातळ कर, काल संध्याकाळी गोपाळ येऊन बसला होता, त्यानं लाडूसारखं केलं होतं."