व्हर्नाकाकूंचे जास्तीचे डॉलर

"या गावात डोकं चालणारा माणूस एकच आहे आणि तो मी, हे मी म्हणत नाही, पुरावे म्हणतात." आमचे दाजी स्वतःची ओळख अशी करून देतात. पुरावे कुठले, हे विचारायचं नसतं. दाजी म्हणजे ऑरिन स्केटस्टॅड, माझ्या बहिणीचे यजमान आणि उत्तर मिनेसोटातले नामवंत खाजगी गुप्तहेर. नामवंत हा शब्द त्यांनी कार्डावर स्वतःच छापून घेतलाय. निवृत्त होण्याआधी ते शाळेची बस चालवत. समोर रस्ता आणि वर आरसा, यांपैकी त्यांचं लक्ष आरशात जास्त असे. त्यामुळे गावातला प्रत्येक माणूस आठ वर्षांचा असताना कसा होता हे त्यांना तोंडपाठ आहे. त्या काळात रस्त्याकडेचे टपालपेट्यांचे खांबही वरचेवर नवे बसवावे लागत.

मी लोवेल, त्यांचा मदतनीस. गाडी माझी, पेट्रोल माझं, निष्कर्ष त्यांचे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, प्रार्थना झाल्यावर, चर्चच्या तळघरात आम्ही कॉफी पीत होतो. व्हर्ना हॉगेनकाकू येऊन समोर बसल्या. नवरा मिल्टन गेल्यापासून चर्चच्या नव्या हीटरसाठी जमवलेला फंड त्याच सांभाळतात. तेवढ्या एका कामासाठी त्या घराबाहेर पडतात, बँकेत जातात, चार माणसांशी बोलतात.

"ऑरिन, फंडातले पैसे," काकू हळूच म्हणाल्या, "जास्त होतायत."

"कमी," दाजींनी दुरुस्ती केली.

"जास्त. दर महिन्याला तीसेक डॉलर. भरायला गेले की चिठ्ठीवर शिल्लक छापून येते ना, ती माझ्या हिशेबापेक्षा जास्तच असते. कमिटीला वाटतंय मी माझं पेन्शन चुकून तिकडे भरते आणि विसरते. बुधवारी मीटिंग आहे, हिशेब दुसऱ्या कुणाकडे तरी देणार म्हणे." त्यांनी कप खाली ठेवला. "माझं डोकं जातंय का रे? मिल्टनच्या आईचं असंच सुरू झालं होतं. बघ वेळ मिळाला तर. तशी काही घाई नाही."

दाजींचे डोळे चमकले.

"काकू, पैसे नेणारा चोर परवडला," ते म्हणाले. "पैसे ठेवून जाणारा फार पोचलेला असतो."

पहिला संशय गॉर्डी लिंडक्विस्टवर. आता तो ट्रॅक्टर विकतो, पण दुसरीत असताना बसमध्ये त्यानं कुणाचा तरी डबा खाल्ला होता. चाळीस वर्षांचं पाप माणूस कुठेतरी फेडणारच, असं दाजींचं म्हणणं.

"गॉर्डी, फंडात गुपचूप पैसे तू टाकतोस?"

"छे हो. मी कुठला एवढा."

बाहेर येताच दाजींनी मला कोपर मारलं. "नाही म्हणाला. बघितलंस? खरा देणारा कधी हो म्हणेल का?"

हे खरंच होतं. आमच्या गावात खरा देणारा नाही म्हणतो. अडचण एवढीच, की न देणाराही नाहीच म्हणतो, आणि त्याच शब्दांत. मंगळवार संध्याकाळपर्यंत यच्चयावत गावानं नकार दिला होता आणि दाजींच्या मते गाव यच्चयावत दोषी होतं. फक्त क्लिफर्ड ओसे म्हणाला, "हो, मीच टाकतो." त्याचं नाव दाजींनी तिथल्या तिथे खोडलं.

दरम्यान बातमी फुटली. देणारा कोण ते नक्की नाही, पण आभार तर मानायला हवेत, म्हणून लोक एकमेकांच्या दारात बटाट्याचे हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाटा-खिम्याची भांडी, ठेवू लागले. भांडं रिकामं परत करायची पद्धत नाही. त्यामुळे मंगळवारी गावात हिंडणाऱ्या बटाट्यांना अंत राहिला नाही. माझ्याकडे आलेला एक तर माझ्या बहिणीनंच गॉर्डीला दिलेला होता.

"दाजी, बँकेत विचारू या का?" मी म्हणालो.

दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. पैशाबद्दल विचारणं आमच्याकडे बरं दिसत नाही. बँकेची पत्रकं चर्चच्या कचेरीत येतात, तीसुद्धा कुणी फोडत नाही.

"त्याची गरज नाही," ते म्हणाले. "हे काळा पैसा पांढरा करणारं आंतरराष्ट्रीय जाळं आहे."

"तीस-तीस डॉलरनं? जन्म जाईल त्यांचा."

"म्हणूनच कुणाला संशय येत नाही."

बुधवारी मीटिंगला सगळे अंगात कोट घालून बसले होते, कारण जुना हीटर नुसता खोकत होता. बँकेतली डार्लीन मो कॉफी ओतत होती. दाजी जाळ्याबद्दल बोलायला उभे राहिले. ते रशियापर्यंत पोचले असतील नसतील, तोच काकू उठल्या आणि एक पाकीट त्यांनी डार्लीनच्या हातात दिलं.

"हे जास्तीचे. घरातून आणलेत. बँकेची चूक असली तर परत घे. माझी असली तरी परत घे."

डार्लीननं किटली खाली ठेवली. "अहो काकू, ते व्याज आहे."

"मागे तुम्ही आलात तेव्हा मी विचारलं होतं, एवढी रक्कम नुसती पडून आहे, व्याज मिळणाऱ्या खात्यात टाकू का? तुम्ही म्हणालात, तुला सोयीचं पडेल तसं कर."

"तू पैशाचं बोलायला लागलीस," काकू म्हणाल्या, "म्हणून मी खिडकीबाहेर बघत होते."

"त्यासाठी करावं काय लागतं?" गॉर्डीनं शक्य तितक्या सहज विचारलं.

"काही नाही. पडू द्यायचे."

गॉर्डी छताकडे बघू लागला. त्याचे आयुष्यभराचे पैसे साध्या, बिनव्याजी खात्यात पडले होते. आमचेही. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत ही गर्दी, आणि जो तो सांगत होता की आपण फुकटचं कॅलेंडर न्यायला आलोय.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या रात्री चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पास्टर, काकूंकडे वळले. "मग फंड तुम्हीच सांभाळायचा ना, काकू?"

"नको हो. आता कुणी तरुण माणूस बघा."

"खरंच, सांभाळा ना."

"नको, उगाच कशाला."

"बरं, तुमची इच्छा," म्हणून पास्टरांनी पुढचा विषय काढला.

काकूंचा चेहरा उतरला. पास्टर टेक्सासचे. आमच्याकडे केकचा तुकडासुद्धा तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय घेत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं, पण पास्टरांना मध्येच तोडणार कोण? सगळे बुटांकडे बघत बसले. मीही. मला स्वतःची लाज वाटत होती.

दाजी अजून उभेच होते. व्याजाचं प्रकरण त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं.

"ते असू दे," ते दरडावून म्हणाले. "काकू, खरं सांगा, यापुढे हा फंड तुम्हीच सांभाळणार ना?"

"बरं," काकू ताबडतोब म्हणाल्या. "तुम्ही सगळे एवढं म्हणताय तर."

माझा जीव भांड्यात पडला. मागच्या बाकावर कुणीतरी नाक शिंकरलं. दाजी खाली बसले आणि माझ्या कानाशी आले.

"फार पटकन हो म्हणाली," ते कुजबुजले. "बाईवर नजर ठेवायला हवी."