सहा पावलं, काटकोनात

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी बस्त्याव सरांनी चांदीप गावातल्या एका खळ्यात सॉफ्टबॉलचा बेस, म्हणजे धावत येऊन पाय टेकवायची चौकोनी गादी, मांडला आणि तिथली म्हैस हलवायला सांगितली. मी सोबत होतो.

सर भुईगावचे, निवृत्त खेळशिक्षक. आमच्याकडच्या सामन्यांत पहिल्या बेसवरचे पंच तेच. मला पंचगिरी त्यांनीच शिकवली. धावणारीचा पाय आणि चेंडू जवळजवळ एकदमच बेसवर येतात. दोन्हींवर नजर ठेवता येत नाही. म्हणून सर सांगत, "पाय बघायचा, चेंडू ऐकायचा." चेंडू ग्लव्हमध्ये पडताना ठप् होतं. पाय त्याआधी टेकला तर सेफ, नाहीतर आऊट. उभं राहायचं ते बेसपासून सहा पावलांवर, चेंडूच्या वाटेशी काटकोनात.

ही सवय मैदानाबाहेरही सुटत नसे. चर्चमध्ये लग्नाच्या मिस्सेला ते अंगठी नीट दिसेल अशी बाजूची जागा धरत. अर्नाळ्याच्या बाजारात दोन कोळणी भांडत होत्या, तर सर मागे सरकून कोन घेऊ लागले.

"ओ सर, बाजूला व्हा, गिऱ्हाईक अडतंय!"

"थांब. पूर्ण बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

"तुम्हाला बोलवलंय कोणी?"

त्या रविवारच्या आठवडाभर आधी महिलांच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. मी होम प्लेटमागे, बॅटरच्या पाठीशी, पंच होतो. चांदीपची सुरेखा शेवटची बॅटर. लग्न ठरलेलं, सासर नाशिकला. तिचा इथला हा शेवटचा सामना. ती पहिल्या बेसकडे धावली. सर पायाकडे बघत होते. मग त्यांनी मान वर करून ग्लव्हकडे पाहिलं. चेंडू आत होता. "आऊट!" चांदीप हरलं.

"सर, पाय आधी होता," सुरेखा म्हणाली. मी गप्प राहिलो. पंचाने विचारल्याशिवाय दुसऱ्या पंचाने बोलायचं नाही, हाही त्यांचाच नियम.

मंगळवारी संध्याकाळी सर माझ्या घरी आले. बसले नाहीत.

"रविवारी शेवटच्या चेंडूला तू काय ऐकलंस?"

"आधी पाय टेकला, सर. मग ठप्."

"मला ठप् ऐकूच आलं नाही," ते म्हणाले. "स्कूटर कधी मोकळी आहे तुझी?"

रविवारी सुरेखाच्या घरच्या खळ्यात तिची आई म्हणाली, "आधी पानी तरी प्या." सर पावलं मोजत होते. सहाव्या पावलावर म्हैस होती.

"हिला हलवा. कोन येत नाही."

"एका पावलानं काय बिघडतं, सर?" मी विचारलं.

"तेवढ्यानंच बिघडलंय."

म्हैस हलली. सुरेखाने ओढणी कमरेला खोचली आणि पेंढ्याच्या उडवीपासून धावत आली. चेंडू नव्हता, ग्लव्ह नव्हता. तिचा पाय बेसवर पडला. सर नेहमीसारखे क्षणभर थांबले. मग दोन्ही हात पसरून मोठ्याने ओरडले, "सेफ!"

सुरेखा हसत होती आणि डोळे पुसत होती. सरांनी खिशातला ब्रश काढून बेस झाडला. पाणी प्यायले.

त्यानंतर सर पंच म्हणून मैदानात उतरलेले नाहीत. बेस सुरेखाबरोबर नाशिकला गेला.