पल्याडचे कंपाउंडर

आमच्या मेडिकलमध्ये डोकेदुखीची गोळी मागितली की आधी गोळी मिळत नाही, प्रश्न मिळतो. काउंटरच्या टोकाला स्टुलावर बसलेले नामदेव आप्पा चष्म्यावरून गिऱ्हाइकाकडं बघतात आणि विचारतात, "हितली देऊ का पल्याडची?"

नवखं गिऱ्हाईक म्हणतं, "जी चांगली असंल ती द्या."

"चांगली पल्याडचीच. पन तिला पथ्य लई. गोळी घेतल्यापास्नं तीन दिस कुनाचं वाईट चिंतायचं न्हाई. जमंल?"

गिऱ्हाईक क्षणभर विचार करतं. भावकी आठवते, शेताचा बांध आठवतो. मग ते खाली मान घालून म्हणतं, "हितलीच द्या."

मी मुकाट्यानं पट्टी कापून देतो. दुकान माझं आहे. यवतला हायवेला लागून आहे, पाटीवर माझं नाव आहे, फार्मसीची पदवी मी घेतली आहे आणि परवाना माझ्या नावानं भिंतीवर टांगलेला आहे. तरीही गावात कुणालाही विचारा, तो म्हणेल, "आप्पाचं मेडिकल व्हय? ते काय, पंपाच्या पुढं." याचा मला राग येतो आणि तो मी कधी लपवला नाही.

आप्पा चाळीस वर्षं गावातल्या एका जुन्या डॉक्टरांचे कंपाउंडर होते. डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा माझ्या स्टुलावर येऊन बसले. मी बोलावलं नव्हतं. पण सत्तरीच्या माणसाला 'ऊठ' कसं म्हणणार? पहिली काही वर्षं ते नुसते बसून असत. मग तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, शेवंता मावशींना, अर्धांगाचा झटका आला. त्या वाचल्या, पण डाव्या हातात जोर राहिला नाही. रक्तदाबाची गोळी एक दिवससुद्धा चुकता कामा नये, चुकली तर दुसरा झटका येईल आणि तो सोडणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या गोळ्या आप्पा दर आठवड्याला माझ्याकडून नेतात. त्याच सुमाराला पल्याड सुरू झालं. मला वाटलं, म्हातारपण. वय झालं की कुणी देवाला लागतं, कुणी सुनेच्या मागं लागतं, हे औषधांच्या मागं लागले.

पल्याड हा देश आहे. भीमेच्या काठानं वडगाव रासाईपर्यंत जायचं, नदीचं वळण लागलं की तिथं आपला नकाशा संपतो आणि पल्याड लागतं. तिथं राजा आहे, पण त्याचा कारभार आप्पांना ठाऊक नाही. त्यांना ठाऊक आहे ते फक्त तिथलं औषधपाणी आणि नशापाणी. माझ्याच दुकानातलं लाल पुठ्ठ्याचं एक कोरं रजिस्टर उचलून त्यात ते हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवतात.

तिथं गप्पगुटी मिळते. ती घेतली की माणूस तीन तास दुसऱ्याचं ऐकून घेतो. दुष्परिणाम एकच: निवडणूक हातची जाते. काहीही झालेलं नसताना सलाईन लावा म्हणून हटून बसणाऱ्यांसाठी उगीचवटी आहे. ती रिकाम्या डबीत येते. डबी उघडून बघायची, बंद करायची आणि घरी जायचं. एकदा एका औषध कंपनीचा एमआर बॅग घेऊन आला, त्याला आप्पांनी उगीचवटीचे गुण असे काही सांगितले की त्यानं डायरी काढून विचारलं, "मार्केटिंग कोणाचं आहे?"

"तुमच्याच लाइनीतलं हाय," आप्पा म्हणाले.

तिथल्या डॉक्टरला एक नियम आहे. जे औषध लिहायचं ते आधी आपण घ्यायचं, मग पेशंटला द्यायचं. त्यामुळं पल्याडची चिठ्ठी दीड ओळीची असते आणि इंजेक्शन तर गेल्या कित्येक पिढ्यांत कुणी लिहिलेलं नाही.

नशेच्या बाबतीत तर पल्याडचं सरकार आपल्यापेक्षा फार पुढं आहे. आपल्याकडं गुटख्याला बंदी आहे म्हणून तो प्रत्येक टपरीत मिळतो. तिथं कशालाच बंदी नाही. तिथली दारू म्हणजे झुलरस. पिणाऱ्यानं पोटभर प्यावा, नाचावं, गावं, झोपावं. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं विकणाऱ्याचं दुखतं. "म्हनून सगळ्या देशात झुलरसाची दोनच दुकानं उरली," आप्पा सांगत, "आन् दोन्ही मालक हातरुणात हायती."

ऐकायला गंमत वाटायची. पण आप्पांना ही गंमत वाटत नसे. मी कधी चेष्टेनं म्हणालो, "आप्पा, गप्पगुटी दोन तास चालते ना?" की त्यांचा चेहरा उतरायचा. रजिस्टर काढून पान दाखवत म्हणायचे, "तीन. शेठ, असं बोलत जाऊ नका. एक शब्द हिकडचा तिकडं झाला तर पेशंट दगावतो."

मी कपाळाला हात लावायचो.

मग एक दिवस औषध निरीक्षक आले. अशा साहेबांची गाडी दारात थांबली की ज्याचं सगळं नीट आहे त्याचीसुद्धा जीभ कोरडी पडते. साहेबांनी झोपेच्या गोळ्यांचं रजिस्टर मागितलं. मी घाईघाईनं लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर त्यांच्या पुढ्यात ठेवलं. लाल पुठ्ठ्याची रजिस्टरं दुकानात दोन होती, हे पुढच्याच मिनिटाला माझ्या लक्षात आलं.

साहेबांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "चंद्रकण. पांढरी गोळी. सकाळी एक. घेण्याआधी रुग्णानं घरधन्याशी पोटभर भांडून घ्यावं. गोळी गिळल्यावर भांडल्यास गुण येत नाही. वर दोन घोट पाणी, तिसरा घोट तुळशीला." त्यांनी मान वर केली. "हे काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आत स्टुलावरून उत्तर आलं. "पांढऱ्या गोळीचं पथ्य हाय, सायेब."

साहेबांनी पान उलटलं. "आणि झुलरस? हे औषधांच्या कुठल्या शेड्यूलमध्ये येतं?"

"शेड्यूलमधी न्हाई, सनासुदीला."

"कंपनी कुठली?"

"कंपनी न्हाई. सरकारी हाय."

"कुठलं सरकार?"

आप्पांनी भीमेच्या दिशेला बोट दाखवलं. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. चौकशीसाठी वरिष्ठांना दाखवावं लागेल म्हणाले आणि रजिस्टर बॅगेत घातलं. (पुढं पंधरा दिवसांनी ते परत आलं. आक्षेपार्ह काही आढळलं नाही असा शेरा होता. गप्पगुटीचं पान मात्र कुणीतरी अलगद फाडून घेतलं होतं.)

आप्पा स्टुलावरून उठले आणि त्यांनी साहेबांची बॅगच धरली. "सायेब, शेठचं लायसन न्यायचं तर खुशाल न्या. वही ठेवा. माझा पेशंट हाय त्याच्यावर. जीव जाईल वो."

गाडी निघून गेली. पोटापाण्याचा धंदा एका म्हाताऱ्याच्या खुळापायी जातो की काय, या भीतीनं मी तोंडाला येईल ते बोललो. शेवटी म्हणालो, "उद्यापासून दुकानात येऊ नका." आप्पांनी ते ऐकलंसुद्धा नसावं. ते पुटपुटत होते, "आधी का नंतर... पांढरीला आधी का नंतर..." तसेच ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर स्टूल रिकामं. काउंटरवर एक पिशवी राहिली होती. उघडून बघितली. शेवंता मावशींच्या आठवड्याच्या गोळ्या होत्या. आदल्या दिवशी माझ्याकडून घेतलेल्या आणि माझ्याच आरडाओरड्यात विसरलेल्या. मी शटर अर्धं ओढलं आणि गाडीला किक मारली.

कालव्याकडेला आप्पांचं दोन खोल्यांचं घर आहे. मावशी खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले. आप्पांच्या तळहातावर जुन्या पट्टीतली एक पांढरी गोळी होती आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. ते रडकुंडीला आले होते.

"काल सांजची घेतली न्हाई शेठ, आन् आत्ताची बी घेत न्हाई," ते मला म्हणाले. "हितल्या औषधावर तिचा इस्वासच न्हाई."

"कसा असंल?" मावशी कडाडल्या. "चाळीस वर्सं ह्यांच्या दवाखान्याच्या बाटल्या म्या धुतल्या. त्यांच्यावर डोसाच्या खाचा पाडलेल्या कागदाच्या पट्ट्या म्या चिकटवल्या. लाल मिक्चर म्हंजी काय, मला इचार. हापशाचं पानी, लाल रंग आन् वाईच वेलदोड्याचा वास. कंपाउंडरच्या बायकूला औषध शिकवताय व्हय? म्या फकस्त पल्याडचं घेती. तर ह्ये परवा म्हनले भांडान आधी, आन् आज म्हनत्यात नंतर. औषध हाय का पोरखेळ?"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. मावशी साधी गोळी घेत नाहीत म्हणून आप्पांनी एक अख्खा देश उभा केला होता. त्या देशातला शब्दही फिरला तर मावशी तोंड मिटत, म्हणून ते लिहून ठेवत. आणि ते लिहिलेलं माझ्या हातानं साहेबांच्या बॅगेत गेलं होतं. मला माझीच लाज वाटली.

पण साहेबांचा आवाज माझ्या कानात होता. मी खाटेपाशी उभा राहिलो आणि तसाच खणखणीत म्हणालो, "चंद्रकण. पांढरी गोळी. सकाळी एक. घेण्याआधी रुग्णानं घरधन्याशी पोटभर भांडून घ्यावं. गोळी गिळल्यावर भांडल्यास गुण येत नाही. वर दोन घोट पाणी, तिसरा घोट तुळशीला."

मावशींनी ऐकून घेतलं. "आधीच हाय. म्या सांगत हुते." मग आप्पांकडं वळून म्हणाल्या, "भांडून झालं माझं. आना हिकडं." गोळी गिळली, दोन घोट पाणी प्यायल्या आणि तिसऱ्या घोटाचा पेला आप्पांच्या हातात दिला. आप्पा तुळशीला पाणी घालून आले. आत जाऊन चहा ठेवतो म्हणाले.

ते आत गेलेले बघून मावशींनी चांगल्या हातानं मला जवळ बोलावलं.

"लेकरा, गोळी बीपीची हाय. पाकिटावर लिवलंय, मला वाचता येतंय."

मी खाटेच्या कडेला टेकलो.

"लगीन झाल्यापास्नं ह्ये मानूस माझ्यासंगं बोललं न्हाई. वाईट न्हाई, मारलं न्हाई कवा. पन दवाखान्यात बोलायचं ते तिथंच सपायचं. घरी जेवायचं आन् भिताडाकडं बघायचं. मला झटका आला तवा भ्यालं. म्या गोळी थुकली, तर पहिल्यांदा माझ्या उशाला बसून बोलाय लागलं. हे कुठलं औषध, कुनी आनलं, कुठल्या देशातनं आनलं. म्या मनात म्हनलं, आता गोळी सरळ घ्यायची न्हाई."

आतून कपबशीचा आवाज आला. त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

"मागच्या आठवड्यात डाक्तरनं तपासलं. बीपी चांगला हाय म्हनला, दुपारची गोळी बंद केली. तवापास्नं दुपारी ह्ये पेपर घिऊन बसत्यात. दुपार लई लांबडी असती रं. तू औषधवाला हायस. कायतरी करून दुपारची एक वाढवून दे."

चहा आला. आप्पांनी साखर दोनदा टाकली होती. मी तो सगळा प्यायलो.

दुपारच्या गोळीचा प्रश्न माझ्या पदवीत कुठंच शिकवला नव्हता. दुसऱ्या दिवशी आप्पा भीत भीत दुकानाच्या पायरीपर्यंत आले. मी स्टूल पुसून ठेवलं होतं. ते बसल्यावर त्यांच्यापुढं एक कोरं रजिस्टर ठेवलं आणि त्यावर एक कागदाची पुडी.

"पल्याडहून माल आलाय, आप्पा. मावशींसाठी. दुपारी एक."

आप्पांनी पुडी उघडली. आत बडीशेपेच्या रंगीत गोळ्या होत्या. चाळीस वर्षं औषधं कुटलेल्या माणसाला वासावरून काय कळायचं ते कळलं.

"पथ्य काय?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्हीच सांगा, त्यांच्या उशाला बसून. जरा मोठं असलं पाहिजे, तास-दीड तास लागेल असं."

"आन् कोर्स किती दिसाचा?"

"हा बंद करायचा नसतो, आप्पा."

आप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. साडेदहाच वाजले होते. दुपार व्हायला अवकाश होता. तरी ते पुडी खिशात घालून उठले आणि चपला शोधायला लागले.