कट्ट्याला दगड कमी पडला

गौरम्माला कट्टा नको होता, तिला आईचं जातं हवं होतं. पण हे भर सभेत सांगायचं कसं?

शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात दुष्काळानंतर एका संस्थेचे साहेब आले होते. "सरकारपुढे हात पसरू नका. तुमच्याकडे काय आहे ते बघा आणि त्यातून काय उभं करायचं ते तुम्हीच ठरवा," असं त्यांचं म्हणणं. बोळाची समिती झाली, गौरम्माचा नवरा शिवप्पा अध्यक्ष झाला आणि त्या दिवसापासून घरातसुद्धा घसा खाकरून बोलायला लागला. बायकांना संध्याकाळी टेकायला कट्टा हवा, इथवर ठरलं. पण कशाचा?

"दगडाचा की!" गौरम्मा ताडकन उठली. "पिठाची गिरणी आल्यापास्नं घरोघर जाती, पाटे, उखळं पडून हायती. आणा भाईर!"

"बघा, याला म्हणतात नियोजन!" साहेब खूश झाले.

नियोजन होतंच, पण निराळं. आईनं लग्नात दिलेलं माहेरचं जातं हळद दळायला या लग्नघरातून त्या लग्नघरात फिरायचं. आई गेली त्या साली ते बसव्वाकडे गेलं आणि गौरम्माच्या मते परत आलंच नाही. बसव्वा म्हणायची, दिलं. गौरम्मा म्हणायची, मग गेलं कुठं? तेव्हापासून दोघी शेजारणींचं बोलणं बंद. दळण गिरणीतून येत होतं, जात्यावाचून काही अडत नव्हतं. पण एकाच खुंट्यावर आईचा हात आणि तिचा हात, समोरासमोर बसून पहाटे गाणं म्हणायचं, त्यासाठी तिचा जीव तुटायचा.

ठरल्या दिवशी दगड बाहेर आले. गौरम्मा ओली चिंधी घेऊन एकेक पुसून बघायला लागली. आईनं वरच्या दगडावर बेलाचं पान कोरून घेतलं होतं.

"काय बघतीस एवढं? नवरी हाय व्हय ती?" बोळातली काशम्मा हसली आणि स्वतःही वाकली. "अय्यय्यो! ह्यो तर माजा पाटा!"

"तुजा कसा? माज्या सासूचा हाय त्यो!" दुसरी एक पुढं सरसावली.

झालं! त्या बोळात मागून नेलेली वस्तू परत करायची कुणाला सवयच नव्हती. जी ती आपला पाटा, आपलं उखळ ओळखून पदर खोचून घरी न्यायला लागली. गवंडी थापी हातात घेऊन बघत बसला. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. उरल्यासुरल्या दगडांत कट्टा कसाबसा बसला, पण एका कोपऱ्याला दगड कमी पडला. बेलाचं पान काही निघालं नाही. गौरम्माचे डोळे भरून आले.

"अध्यक्षाच्या घरचा दगड लागंल!" शिवप्पा गरजला आणि धावत घरी गेला. ओल्या पोत्यात गुंडाळलेला दगड छातीशी धरून धापा टाकत आला. गवंड्यानं पोतं सोडून तो कोपऱ्यात बसवला, वरची माती धुतली. मधे भोक, आणि भोकाशेजारी बेलाचं पान.

"कुटनं आणला ह्यो?" गौरम्मानं विचारलं.

"रांजणाखालनं," शिवप्पा चाचरला. "तू आईच्या दिवसाला माहेरी गेलतीस, तवा बसव्वानं आणून दिलता. रांजण डुगडुगत हुता, मी ठेवला खाली. मग राहून गेलं सांगायचं."

"मी काय म्हणत हुते, गौरक्का?" बसव्वाला रडूच कोसळलं.

इतकी वर्षं गौरम्मा त्याच रांजणातलं पाणी पिऊन बसव्वाला बोल लावत होती.

"काढू का, वहिनी?" गवंड्यानं विचारलं. "सिमिटाचा माल वला हाय अजून."

तिनं दगडावर तळवा ठेवला. खुंट्याची खोबण बोटांना लागली आणि हात आपोआप गोल फिरला. एकटीचा हात. मग तिनं बसव्वाला मनगट धरून समोर बसवलं आणि तिचा हात आपल्या हातावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे हितंच," ती म्हणाली.

शिवप्पा मघाशीच घराकडं सटकला होता. एवढ्यात घरातून त्याची हाक आली, "अगं गौरम्मा, पळ! रांजण कलंडतोय, किती येळ धरू?"

"धरा की!" गौरम्मा डोळे पुसत ओरडली. "इतकी वर्सं माज्या आईनं धरला, आता जरा तुमी धरा!"