बाटली वाचणारे मेश्रामकाका

साकोलीच्या दारूच्या दुकानात रोज संध्याकाळी एक गृहस्थ जातात, बाटल्या वाचतात आणि रिकाम्या हातानं परत येतात. वाचतात म्हणजे अगदी चष्मा पुसून, बाटली उजेडात धरून, पुढची बाजू, मागची बाजू, तळाची बारीक अक्षरं, सगळं. पिणं सोडाच, बुचाचा वासही त्यांनी जन्मात घेतलेला नाही. रविवारी विहारात पंचशील म्हणताना सगळ्यांत खणखणीत आवाज यांचाच असतो. दारू न पिण्याचं पाचवं शील आलं की लाउडस्पीकर बंद केला तरी चालतं.

हे आमचे मेश्रामकाका. एस.टी.चे निवृत्त कंडक्टर आणि माझे सख्खे शेजारी. माझं मोबाइलचं दुकान त्या दारूच्या दुकानासमोरच, त्यामुळे हा सोहळा मला रोज फुकटात पाहायला मिळतो. सुरुवातीला गावानं उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हातारा या वयात बिघडला म्हणाले. पुढे कळलं की बिघडायला लागणारा पहिलाच घोट हा माणूस घेत नाही.

काकांचं एक सूत्र आहे: "पाटी पाहून चढा." नोकरीत असताना ते प्रवाशांना हेच सांगत. चुकीच्या गाडीत बसलेल्या माणसावर ते कधी रागावले नाहीत, त्यांना त्याची कीव यायची.

"गाडीले पाटी, तसं बाटलीले लेबल," ते म्हणतात. "कोठून निघाली, कधी निघाली, कोणाची हाये, सगळं लिवलं असते. लोक वाचत नाईत आन् मंग बोंबलतात."

एकदा नागझिऱ्याला निघालेलं पुण्याचं एक जोडपं दुकानात वाइन शोधत होतं. दुकानदारानं सरळ काकांकडे बोट दाखवलं. काका खुलले.

"हे शिराज लिवलं हाये ना, ही द्राक्षाची जात. आमच्याकडं धानात चिन्नोर असते, तसं. हे साल द्राक्षं तोडल्याचं, भरल्याची तारीख मांगं वेगळी पाहा. हे टक्के. किती चढन ते इथं समजते. 'रिझर्व' पाहून भुलू नका, तो शब्द कंपनीच्या मर्जीचा. आन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बनवली कोणी, भरली कोणी. नाव एकाचं आन् माल दुसऱ्याचा, असंही असते."

"आणि चवीला कशी आहे, काका?" त्या मुलीनं विचारलं.

"मले काय मालूम!" काका दचकलेच. "मी कायले पितो?"

दोघं खूप हसली आणि तीच बाटली घेऊन गेली. मला काकांचा फार हेवा वाटला. माझ्या दुकानात येणारा माणूस डबा फाडून फेकतो आणि मग चार्जर कुठे आहे ते विचारतो.

आता हे ज्ञान आलं कुठून? तर शेजारच्या खोलीतून. काकांची मुलगी सुजाता नाशिककडे वाइनच्या एका कारखान्यात आहे. भरलेल्या बाटलीवर लेबल नीट लागलं की नाही ते तपासणं हे तिचं काम. तिनं ही नोकरी धरली तेव्हा काका म्हणाले, "आपण पीत नाई, मंग दुसऱ्याले भरून देणं सम्यक आजीविका होते काय?" मुलगीही त्यांचीच. "बाबा, मी मेहनतीचं खाते," म्हणाली आणि बॅग उचलून गेली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद.

तिचा फोन येतो तो काकूंना. काकू स्पीकर लावतात, काका शेजारच्या खोलीत पेपर उघडून बसतात. आणि चहाच्या पुड्यावरचं नावही वाचायचा कंटाळा असलेल्या आमच्या काकू लेकीला मध्येच विचारतात, "बाई, ते वाइनमधी सल्फाइट कायले टाकतात वो?" सुजाता मग सावकाश, मोठ्यानं, सविस्तर सांगते. आमच्या घरापर्यंत ऐकू येतं.

दुकानात काका आधी तिच्या कारखान्याची बाटली शोधतात. भरल्याची तारीख पाहतात, लेबलावरून बोट फिरवतात आणि मान हलवतात. त्या तारखेला लेक कामावर होती, धडधाकट होती, एवढं त्यांना पुरतं. हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला भलताच चार्जर दिला.

गेल्या महिन्यात काका तरातरा रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. हातात बाटली. आयुष्यात पहिल्यांदा विकत घेतलेली.

"पाह्य!" त्यांनी ती काउंटरवर ठेवली. लेबल एका बाजूला चांगलंच कललं होतं.

"निघते एखादी अशी, काका."

"तिच्या हातून नाई निघत. तिले काही झालं असन. फोन लाव."

काकूंकडून नंबर आणू का, असं मी विचारेपर्यंत काकांनी तो तोंडपाठ म्हणून दाखवला.

तिकडून "हॅलो" आलं. विहार दणाणून सोडणारा आवाज कुठे गेला कोण जाणे. काका हळूच म्हणाले, "बाई, लेबल तिरपं लागलं हाये."

"बाबा?"

काकांनी भरल्याची तारीख वाचली. "तब्येत बरी हाये ना तुई?"

"बाबा, त्या दिवशी मी सुटीवर होती. लाइनवर दुसरी पोरगी होती."

"पाह्य! मी म्हटलोच होतो!" काका माझ्यावर विजयी मुद्रेनं ओरडले. लगेच चेहरा उतरला. "सुटी काहून? बिमार होती?"

"ताप होता. आता बरी आहो."

"मंग मायले काहून नाई सांगितलं?"

"तुम्ही बाजूच्या खोलीत ऐकत असता, म्हणून."

काका माझ्या स्टुलावर बसले. चष्मा काढला, पुसला, तसाच हातात धरला.

"घरी ये," ते म्हणाले. "नागपूरले उतरली की साकोलीची एस.टी. धर. पाटी पाहून चढजो. मी स्टँडवर उभा राहतो."